अंगावर पुरळ आज उठलं, तर कारण परवाचं शोधा : गाजर गवत, त्वचेची ॲलर्जी आणि शेतकऱ्याने घ्यायची काळजी

पोखर्णी (ता. परभणी) : पाऊस पडून गेला की आठ-पंधरा दिवसांत रानाचा धुरा, रस्त्याच्या कडा, शाळेचं मैदान आणि गावठाणातली मोकळी जागा हिरवीगार दिसू लागते. त्यातलं निम्मंअधिक हिरवं हे गाजर गवत असतं. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कोणी चटकचांदणी. नृसिंहाच्या देवस्थानामुळे सगळ्या जिल्ह्याला माहीत असलेल्या पोखर्णीपासून गंगाखेड, पालम, सोनपेठपर्यंत हे गवत सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मात्र मानेला, पापण्यांना आणि कोपराच्या घडीत महिनोन् महिने सुटणारी खाज याच गवतामुळे असू शकते, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. मग वांगं बंद होतं, डाळ बंद होते, मेडिकलवरून एकामागून एक मलम येतं, पैसा जातो आणि खाज काही जात नाही.

त्वचेची ॲलर्जी म्हणजे काय, ती कशामुळे होते, कशी ओळखायची, कुठली तपासणी खरी आणि कुठली फुकटची, घरी काय करायचं आणि दवाखान्यात कधी जायचं, याची माहिती इथे एकत्र दिली आहे. हा लेख जपून ठेवा आणि ज्यांच्या घरी हा त्रास आहे त्यांना पाठवा.

थोडक्यात महत्त्वाचं

- गाजर गवताची त्वचेची ॲलर्जी संसर्गजन्य नाही. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही.
- वस्तू अंगाला लागल्यावर पुरळ लगेच उठत नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी उठतं. म्हणून कारण शोधताना दोन-तीन दिवस मागे जायचं.
- कारण दूर केल्याशिवाय कुठलंही मलम कायमचा आराम देत नाही.
- या आजाराची खात्रीची तपासणी पाठीवर पट्ट्या लावून होते. रक्ताच्या तपासणीतून तो कळत नाही.
- मेडिकलवर मिळणारी 'खाजेची' अनेक मलमं स्टेरॉइडची असतात. ती मनाने लावू नका.

अंगावर उठतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपण सगळ्यालाच 'ॲलर्जी' म्हणतो. पण यात तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिला प्रकार म्हणजे गांधी उठणे, म्हणजेच आपल्याकडे ज्याला 'पित्त उठलं' म्हणतात ते. अंगावर लालसर फुगवटे येतात, खूप खाजतं आणि काही तासांत ते फुगवटे विरून दुसरीकडे उठतात. खाण्यातली वस्तू, औषधाची गोळी किंवा गांधीलमाशीचा डंख, असं काहीही कारण असू शकतं. हा प्रकार झटपट होतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत ते एक-दोन तासांत.

दुसरा प्रकार म्हणजे जळजळीचं पुरळ. इथे ॲलर्जीचा संबंधच नसतो. सोडा, ॲसिड, कडक साबण, धुण्याची पावडर, रॉकेल, फवाऱ्याचं औषध अशी तिखट वस्तू कातडीलाच इजा करते. ती पुरेशी वेळ लागली तर कोणाच्याही अंगाला त्रास होतो. दिवसभर भांडी-धुणी करणाऱ्या बाईच्या हाताला पडणाऱ्या भेगा याच प्रकारातल्या.

तिसरा प्रकार म्हणजे स्पर्शाची ॲलर्जी. डॉक्टर याला 'ॲलर्जिक काँटॅक्ट डर्मटायटिस' म्हणतात, तर जुन्या लोकांच्या भाषेत हा इसबाचाच एक प्रकार. यात वस्तू तिखट असायची गरज नसते. आपल्या शरीरातल्या संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या वस्तूला शत्रू समजू लागतात. एकदा ओळख पटली की पुढे ती वस्तू थोडीशी जरी लागली तरी या पेशी त्या जागी गोळा होतात आणि कातडी लाल होते, सुजते, बारीक फोड येतात, पाणी सुटतं, खाज सुटते. असं वारंवार झालं की कातडी काळी, जाड आणि रेघारेघांची होते.

यातली सगळ्यांना चकवणारी गोष्ट म्हणजे ही ओळख पटायला कधी आठवडे लागतात, तर कधी वर्षं. म्हणून अनेकांचं म्हणणं असतं, 'वीस वर्षं झाली याच गवतात काम करतोय, तेव्हा नाही झालं, मग आताच कसं होईल?' तर असंच होतं. वीस वर्षं काही झालं नाही याचा अर्थ एकविसाव्या वर्षी होणार नाही असा नाही. आणि एकदा ही ॲलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते.

दोन दिवस मागे मोजा

गांधी उठते ती लगेच, पण स्पर्शाची ॲलर्जी उठते सावकाश. ज्याला आधीपासून ॲलर्जी आहे त्याच्या अंगाला ती वस्तू लागल्यावर साधारण चोवीस ते बहात्तर तासांत पुरळ दिसू लागतं. म्हणजे सोमवारी सोयाबीनमध्ये निंदणी केली, तर मानेवरचं पुरळ मंगळवारी, बुधवारी किंवा गुरुवारी उठतं.

इथेच गल्लत होते. बुधवारी अंग उठलं की माणूस बुधवारचं जेवण आठवतो. त्या दिवशी वांग्याची भाजी असली की दोष वांग्यावर. दुसऱ्या वेळी अंबाडी असली की दोष अंबाडीवर. असं करत करत पानातले पदार्थ कमी होत जातात, अंगातली ताकद जाते, आणि खरं कारण मात्र धुऱ्यावर फुलत राहतं. स्पर्शाच्या ॲलर्जीत जेवणाच्या पथ्याचा सहसा काही उपयोग नसतो.

यावर सोपा उपाय म्हणजे वही. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल. ज्या दिवशी पुरळ उठलं ती तारीख लिहा. मग त्याच्या आधीच्या तीन दिवसांत कुठल्या रानात गेलो, काय उपटलं, काय फवारलं, अंगाला-डोक्याला काय लावलं, नवीन काय घातलं हे लिहा. असं चार-पाच वेळा लिहिलं की दर वेळी आलेली एखादी गोष्ट डोळ्यात भरते. ही वही डॉक्टरला दाखवा. अर्ध्या तपासणीचं काम तीच करते.

गाजर गवत आलं कुठून?

हे गवत मूळचं आपलं नाही. ते अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं आहे. त्याचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. परदेशातून आलेल्या धान्यासोबत ते इकडे पसरलं असं मानलं जातं. महाराष्ट्रात त्याची ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. १९७० च्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा रुग्णांची रीघ लागली आणि गाजर गवताने होणाऱ्या त्वचारोगाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली. म्हणजे हा आजार जगाला ठळकपणे दिसला तो आपल्याच राज्यात.

पानं गाजराच्या पानासारखी कातरलेली, फुलं बारीक पांढरी, उंची गुडघ्यापासून थेट छातीपर्यंत. ओल मिळाली की वर्षातून कधीही उगवतं आणि तीन-चार महिन्यांत फुलून बी टाकतं. एका झाडाला हजारो बिया येतात, मोठ्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत. बी इतकं हलकं की वाऱ्याने, पाण्याने, शेणखताने आणि ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटूनही दूर जातं. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. चाऱ्यात मिसळून पोटात गेलंच तर दुधाला कडवट चव येते.

झाडाच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. या लवीत आणि फुलात 'पार्थेनिन' नावाचं रसायन असतं. ॲलर्जी प्रामुख्याने त्याचीच. झाड हिरवं असताना ते हाताला लागतं. झाड वाळलं की त्याचा भुगा होऊन वाऱ्यावर उडतो आणि गवताला हात न लावताही चेहऱ्यावर बसतो. म्हणून 'मी तर गवत उपटलंच नाही' असं म्हणणाऱ्यालाही हा आजार होतो.

याच कुळातली झाडं म्हणजे सूर्यफूल, शेवंती, झेंडू आणि गोखरू. गाजर गवताची ॲलर्जी असलेल्या काही जणांना यांचाही त्रास होतो. फुलांचा धंदा किंवा फुलशेती करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोणाला होतो आणि कुठे दिसतो?

हा आजार जास्त करून उघड्यावर काम करणाऱ्या, चाळिशीच्या पुढच्या माणसांत दिसतो. पुरुषांत तो अधिक आढळतो, पण निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायांनाही होतो. लहान मुलांत कमी दिसतो.

हवेतून येणारी ॲलर्जी अंगावर ठरावीक जागा धरते:

- वरच्या पापण्या आणि डोळ्यांभोवती
- कानाच्या मागे आणि हनुवटीखाली
- मानेच्या घड्या आणि सदऱ्याच्या उघड्या गळ्याची जागा
- कोपराच्या आतली घडी आणि गुडघ्यामागची घडी
- हातांचे उघडे भाग

घामाच्या घडीत भुगा अडकून राहतो, म्हणून या जागा आधी उठतात. उन्हाचा त्रास असेल तर चेहरा लाल होतो, पण पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग सावलीत असल्याने बहुधा कोरा राहतो. गवताच्या भुग्याला सावली अडवत नाही. आरशात या तीन जागा नीट बघा.

सुरुवातीला त्रास हंगामी असतो. पावसाळ्यात वाढतो, नंतर कमी होतो. पुढे काही जणांत तो बाराही महिने राहतो. काहींची कातडी नंतर उन्हालाही सहन करेनाशी होते आणि थोडं ऊन लागलं तरी चेहरा पेटल्यासारखा होतो. फार वर्षं दुर्लक्ष झालं तर चेहऱ्याची कातडी जाड होऊन घड्या पडतात. असा चेहरा पाहून गावात भलतीच कुजबुज सुरू होते, माणूस पंगतीला बसायचं टाळतो. म्हणून पुन्हा सांगायला हवं की हा आजार लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो पसरत नाही. घरात दोघांना असेल तर दोघांच्या अंगाला एकच गवत लागतंय, एवढाच त्याचा अर्थ.

गवताशिवाय घरातली आणि कामातली कारणं

पुरळ कुठे आहे यावरून कारणाचा माग लागतो.

कपाळाच्या मधोमध : टिकलीच्या मागचा गोंद किंवा कुंकवातला रंग. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने काही बायांच्या कपाळावर पांढरा डागही पडतो. डाग दिसू लागताच टिकली बंद करा.

केसांच्या कडेला, कानांवर, पापण्यांवर, मिशीच्या जागी : केस काळे करायचा रंग. त्यातलं 'पीपीडी' हे रसायन ॲलर्जीचं मोठं कारण आहे. लग्नसराईत हातावर काढली जाणारी गडद 'काळी मेंदी' बहुधा याच रसायनाने काळी केलेली असते. नुसत्या पाल्याच्या मेंदीचा रंग तांबूस येतो.

कानाची पाळी, गळा, मनगट, बेंबीच्या खाली : नकली दागिने, घड्याळाचा पट्टा, पँटचं बटण, पट्ट्याचं बक्कल. यातल्या निकेल धातूची ॲलर्जी होते.

हात-पाय, आणि धंदा गवंड्याचा : ओल्या सिमेंटमधल्या क्रोमेटची ॲलर्जी. सिमेंट तिखटही असतं, त्यामुळे इथे जळजळ आणि ॲलर्जी असा दुहेरी मार बसतो. रबरी हातमोजे आणि काम संपताच हात-पाय धुणे हा उपाय.

पायाच्या वरच्या बाजूला चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा डाग : रबरी किंवा चामडी चप्पल.

एका हाताच्या अंगठ्याची, तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोकं फाटणे : रोज लसूण सोलणे. ज्या हातात लसूण धरतो त्या हाताची बोटं.

जखमेभोवती वाढत जाणारं लाल पुरळ : लावलेलं मलमच. निओमायसिन आणि नायट्रोफ्युराझोन ही जखमेवरची औषधं काहींना सोसत नाहीत. जखम बरी व्हायच्या ऐवजी खाजत पसरू लागली तर मलम बदलायला हवं.

बिब्बा : 'कामात बिब्बा घातला' असं आपण उगाच म्हणत नाही. बिब्ब्याचं काळं तेल फार दाहक असतं. टाचेच्या भेगांवर, दुखऱ्या सांध्यावर ते लावायची चाल अजून आहे. त्याने फोड येतात, कातडी भाजल्यासारखी होते आणि अनेकांना त्याची ॲलर्जीही जडते. पूर्वी परीट कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना या खुणेमुळेच मानेवर आणि कमरेवर पुरळ उठल्याची नोंद १९४३ मधली आहे. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. कैरीचा चीक तोंडाभोवती उठतो तो त्यामुळेच.

सगळी खाज ॲलर्जीची नसते

चुकीचं निदान झालं तर चुकीचं औषध होतं. म्हणून हा फरक ओळखा.

- खरूज : रात्री जास्त खाजतं, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला पुटकुळ्या येतात आणि घरात एकाहून जास्त लोकांना एकदम होतं. हा लागट आजार आहे. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं.
- गजकर्ण किंवा नायटा : गोल चकती, कडा उठलेली आणि मध्ये साफ. जांघेत, कमरेला, काखेत येतो. हा बुरशीचा आजार आहे. त्याला स्टेरॉइडचं मलम लावलं की तो आणखी पसरतो.
- नागीण : शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात, आग आणि ठणका जास्त असतो. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं, म्हणून थांबू नका.
- बधिर चट्टा : फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, खाजत नाही आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

खात्री कशी करायची : पट्टीची तपासणी

स्पर्शाच्या ॲलर्जीची खरी तपासणी म्हणजे 'पॅच टेस्ट'. पाठीवर छोट्या छोट्या कप्प्यांच्या पट्ट्या चिकटवतात. प्रत्येक कप्प्यात एकेक वस्तू अगदी थोडी असते, जसं की गाजर गवत, निकेल, क्रोमेट, केसांच्या रंगातलं रसायन, रबर, सुगंधी द्रव्यं. भारतासाठी ठरवलेल्या तपासणीच्या संचात गाजर गवताचा समावेश आहे. पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असं काम करायचं नाही. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. जिथे लाल होऊन फुगतं ती वस्तू तुमची वैरीण.

ही तपासणी त्वचारोगतज्ज्ञच करतात. ती पुरळ शांत असताना करायची असते आणि त्या काळात स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तर निकाल चुकू शकतो, म्हणून चालू औषधं आधी सांगा. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात आणि नांदेड, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभागाची ओपीडी कुठल्या दिवशी असते आणि तिथे पॅच टेस्ट होते का, हे जाण्याआधी विचारून घ्या. गावातल्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारता येईल.

रक्तातली महागडी 'ॲलर्जी तपासणी' या आजारासाठी कामाची नाही. ती दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे लगेच उठणाऱ्या ॲलर्जीसाठी असते. तिच्या कागदावर दहा भाज्यांची नावं आली म्हणून दहा भाज्या सोडू नका. आणि घरच्या घरी तपासणी म्हणून गवताचं पान हातावर घासून बघण्याचा प्रयोग तर अजिबात करू नका.

उपचार काय?

पहिला उपचार म्हणजे कारणापासून लांब राहणे. बाकी सगळं त्याच्या पाठोपाठ.

पुरळ ओलं असेल, पाणी सुटत असेल तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून त्या जागी पंधरा-वीस मिनिटं ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा असं केलं की आग कमी होते. कोरडं आणि फाटलेलं असेल तर आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं खोबरेल तेल किंवा पांढरं व्हॅसलीन लावा. साबण सौम्य आणि कमी वापरा. नखं कापलेली ठेवा.

लिंबू, चुना, हळद-चुना, टूथपेस्ट, रॉकेल, झेंडू बामसारखे बाम, बिब्बा, गरम मिठाचं पाणी यातलं काहीही लावू नका. आधीच चिडलेल्या कातडीवर हे सगळं आगीत तेल आहे.

स्टेरॉइडचं मलम हे या आजारातलं खरं औषध आहे, पण ते डॉक्टरने सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेल्या जागी आणि सांगितलेले दिवसच लावायचं. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेलं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चेहऱ्यावर आणि जांघेत जोरकस मलम चालत नाही. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर असतील तर ते स्टेरॉइड आहे. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, चेहऱ्यावर मुरूम आणि लव येते, आणि सोडलं की पुरळ दुपटीने उसळतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुकानात सहज मिळतं म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

खाजेच्या गोळीने झोप लागते, पण पुरळ त्याने जात नाही. काही गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून त्या घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नका. आजार फार पसरला तर डॉक्टर काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. शुगर, बीपी असेल तर ते सांगा. जास्त दिवस घेतलेली ही गोळी मनाने एकदम बंद करू नका. जुनाट आजारात ॲझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट अशी औषधं वापरतात. त्यांनी बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो, पण ठरावीक मुदतीने रक्त तपासावं लागतं. ती तपासणी चुकवू नका.

रानात जाताना

- पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायभर कपडे, गळ्याभोवती आणि तोंडावर रुमाल.
- ज्याला ॲलर्जी आहे त्याने गवत उपटायचं, कापायचं काम हातमोजे घालूनही करू नये. घरातल्या दुसऱ्याने करावं.
- घरी आल्यावर आधी हात, तोंड, मान धुवा. शक्य तर आंघोळच करा.
- रानातले कपडे वेगळे ठेवा, रोज धुवा. अंथरुणावर त्याच कपड्यांनी पडू नका.
- धुतलेले कपडे गवतावर किंवा काट्याच्या कुंपणावर वाळत घालू नका.
- आखाड्यावर झोपत असाल तर आजूबाजूचं गवत आधी काढून घ्या.
- वाळलेलं गाजर गवत पेटवू नका. धूर आणि राख दोन्ही अंगावर येतात.

गवत हटवायचं कसं?

एकट्याने आपला धुरा साफ केला आणि शेजारचा तसाच राहिला तर उपयोग थोडा. बी वाऱ्याने पुन्हा येतं. म्हणून हे काम गावाने मिळून करायचं आहे.

फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. ओल असली की मूळ सहज निघतं आणि भुगाही उडत नाही. फुलाआधी उपटलेलं गवत खड्ड्यात कुजवून खत करता येतं. फुलावर आलेलं खतात टाकलं तर बी पुन्हा रानात जातं.

दुसरा मार्ग मेक्सिकन भुंग्याचा. हा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला आणि तपासणीनंतर १९८४ पासून सोडण्यात आला. मळकट पांढऱ्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खाऊन फस्त करतात. पावसाळ्यात तो जोमाने वाढतो आणि थंडीत जमिनीत दडून बसतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे या भुंग्यांची चौकशी करता येते. भुंगे सोडल्यावर त्या जागी फवारणी करू नका.

तिसरा मार्ग तरोट्याचा. मोकळ्या जागेत पावसाळ्याआधी तरोट्याचं बी फेकलं की तो दाट उगवून गाजर गवताला जागा देत नाही. झेंडूही हे काम करतो, मात्र ॲलर्जी असलेल्याच्या घराजवळ तो लावू नये.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत जागृती सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळा, अंगणवाडी, देवस्थानाचा परिसर, पाणवठा आणि दवाखाना एवढ्या जागा जरी ग्रामपंचायतीने त्याआधी साफ करून घेतल्या तरी मोठं काम होईल. मात्र हे काम लहान मुलांच्या हातून करून घेऊ नका.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

- ओठ, जीभ, घसा सुजला, श्वास लागला, घेरी आली तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा.
- नवीन औषध सुरू केल्यावर अंगभर पुरळ, ताप आणि तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले तर औषध थांबवून लगेच मोठ्या दवाखान्यात जा. औषधाचं पाकीट सोबत न्या.
- फवारणीनंतर मळमळ, उलटी, लाळ, अंधारी किंवा अंग थरथरणं सुरू झालं तर ती ॲलर्जी नाही, विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि डबा घेऊन दवाखाना गाठा.
- पुरळावर पू, ठणका, ताप किंवा सगळं अंग लाल होऊन कातडीचे पापुद्रे सुटणं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा आजार कायमचा बरा होतो का? ॲलर्जी अंगात राहते, पण कारण टाळलं तर पुरळ राहत नाही. लवकर ओळखलं तर कातडी पूर्ववत होते.

शेती सोडावी लागेल का? बहुतेकांना नाही. घराभोवतीचं आणि आपल्या रानातलं गवत काढणं, कामं वाटून घेणं, अंग झाकणं आणि वेळेवर औषध यावर भागतं. फारच तीव्र त्रास असेल तर पावसाळ्यात गवत नसलेल्या जागी काही आठवडे राहून बघा. तिथे आराम पडला तर कारण गवतच, याचा तो मोठा पुरावा.

बाळाला दूध पाजणाऱ्या आईला असेल तर? दूध पाजायला हरकत नाही. मात्र गोळ्या डॉक्टरला सांगूनच घ्या आणि छातीवर लावलेलं मलम बाळाच्या तोंडात जाणार नाही हे बघा.

एकाच मलमाने शेजाऱ्याला गुण आला, मी लावू का? नको. त्याचा नायटा असेल, तुमची ॲलर्जी असेल, किंवा उलट. ट्यूब उसनी घेण्याची वस्तू नाही. पुढच्या वेळी अंग उठलं की आधी वहीत तारीख लिहा, तीन दिवस मागे मोजा आणि मग ती वही घेऊन दवाखान्यात जा.